पटावर पडलेला उंदीर

मंडळी, घरोघर फिरणारी आपली गोष्टींची वही आज पुढच्या घरी येणार नाही, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लिहितोय.

दुपारी माझ्याकडे शेजारचा गणपत आणि कापडवाला रहिमान आले होते. बुद्धिबळाचा डाव रंगला होता, मध्ये गरम भजी होती. वहीतली माझी नवी भुताची गोष्ट वाचून दोघं हसत होते.

तेवढ्यात आढ्यावरून एक उंदीर पटावर पडला, जागच्या जागी गोल फिरला आणि वहीवर जाऊन मेला.

प्लेगचं नाव कुणीच काढलं नाही. रहिमान एवढंच म्हणाला, "गाव खाली करावं लागंल."

गणपत मान खाली घालून म्हणाला, "माझ्या घरी परवाच दोन पडले. मी बोललो न्हाई."

वही मी जाळली.

तुमच्यापैकी आणखी कोण गप्प आहे?