उभी आत्या

आमच्या आत्याला नात्यात सगळे 'उभी आत्या' म्हणायचे. उभ्या उभ्या यायची, दारालगतच्या भिंतीला टेकून चहा प्यायची आणि निघायची. "बस की गं," म्हटलं की, "बसून काय करू, कामावर जायचंय." कुणी म्हणे शिष्ट आहे, कुणी म्हणे आमच्या खुर्च्या हिच्या तोलाच्या नाहीत. माझ्या तर ती डोक्यात जायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तेवढे चिकाटीचे. दर वेळी शेजारची खुर्ची थोपटून म्हणायचे, "ताई, बस ना."

आत्या एका मोठ्या सभागृहात सामानाच्या काउंटरवर होती. लोकांच्या बॅगा, कोट ठेवून घ्यायचे आणि बिल्ला द्यायचा. तिथे एकदा डॉक्टर-नर्सांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं संमेलन भरलं. ज्यांचा लघवीवर ताबा राहत नाही त्यांचे हाल कमी करायचे, एवढ्यासाठीच ती संस्था. दारावर तसा भलामोठा फलक. आत्या सांगते, "मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. जे मी आईलाही सांगितलं नव्हतं, ते दारावर रंगवून लावलेलं!"

तिच्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून तिचं असं होतं. शिंक आली, खोकला आला की ओलं. एकदा कुणाच्या तरी सोफ्यावर डाग पडला, तेव्हापासून ती कुणाकडे म्हणून बसली नाही. सांगायला काय धाड भरली होती हिला? पण सांगणार तरी कुणाला, तेही खरंच.

संध्याकाळी एक नर्स आपली बॅग न्यायला आली. आत्याने बॅग हातात घेतली ती सोडेचना. हळूच विचारलं, "हे बरं होतं का हो?"

मागे रांग वाढत होती. नर्स काउंटरच्या आत आली. "पुष्कळांचं होतं. नाही झालं तरी सोय होते. लपून राहायची गरज नाही." तिने व्यायाम समजावले, पॅड कुठले घ्यायचे ते सांगितलं, जवळच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

इकडे बाबांनी अंथरूण धरलं होतं. आठवण विरत चालली होती. त्यांचे डायपर मीच बदलायची. किळस नाही, कीव नाही, काहीच वाटेनासं झालं होतं. काही महिन्यांनी आत्याचा फोन आला. "रविवारी येते. बसायला येते." मी "बरं" म्हटलं आणि चादर भिजत घातली.

रविवारी ती आली आणि सरळ पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाई, तुम्ही कोण?"

"अरे, मी. ताई."

"छे! आमची ताई बसत नाही कुणाकडे."

माझं डोकं सणकलं. कुणाला तरी चार शब्द सुनावावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना. आत्या रडली नाही. पर्स घेऊन उठली आणि दारालगतच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

बाबांचा चेहरा खुलला. रिकामी खुर्ची थोपटत म्हणाले, "ताई, कधी आलीस? बस ना."

"बसते हं," आत्या म्हणाली, आणि उभीच राहिली.