माचिपिसाचा गुलमोहर

मास्विंगो गावात पावसानं उघडीप दिली की मुनेत्सीच्या पोटात दुखायला लागायचं. ते औषधानं जाणारं दुखणं नव्हतं. भिंतीपलीकडं माचिपिसा लांब बांबू घेऊन गुलमोहराखाली उभा राहिला की इकडं कळ उठायचीच.

दोघंही माळी, बंगल्यांच्या आवारातल्या खोल्यांत राहणारे. भिंतीच्या अलीकडच्या बंगल्यात मुनेत्सी, पलीकडच्यात माचिपिसा. मुनेत्सीची बायको राविरो धुण्याला जायची ती पलीकडच्या बंगल्यात, आणि खरं कुसळ तिथंच सलत होतं.

मुनेत्सीच्या वाट्याला आला होता जॅकरंडा. फुलला की निळाशार, पण शेंगा म्हणाल तर चपट्या, गोल, मुठीत चार मावतील अशा. चुलीत घातल्या की भुर्रकन पेटून राख. पलीकडच्या गुलमोहराच्या मात्र हातभर लांब, कोयत्याच्या पात्यासारख्या, निखारा धरणाऱ्या. त्या हिरवळीवर पडल्या की गवत कापायच्या यंत्राचं पातं बोथट व्हायचं आणि मालकीण कावायची. म्हणून माचिपिसा त्या आधीच उतरवायचा. बांबूच्या टोकाला तारेचा आकडा. तो देठात अडकवायचा, एक पिळा द्यायचा, शेंग खाली. डहाळीला ओरखडासुद्धा नाही. निघालेल्या शेंगा राविरोच्या टोपलीत जायच्या. विजेचा भरवसा नव्हताच, चूल तर पेटायला हवी.

मुनेत्सीला शेंगांचंही एवढं नव्हतं. पण टोपली भरली की राविरो गुडघे वाकवायची, तळहात खोलगट करून टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "लई उपकार झालं, सोको." सोको म्हणजे माकड, माचिपिसाचं कूळ. कुळाच्या नावानं मानलेले आभार माणसाच्या खापरपणजोबापर्यंत पोचतात. मुनेत्सी सिंहाच्या कुळाचा, शुंबा. बायकोच्या तोंडून 'शुंबा' त्यानं ऐकलं लग्नानंतर एकदा, आणि मग गळका पत्रा बदलला तेव्हा. ती टाळी आपल्यासाठी वाजावी, एवढंच त्याला पाहिजे होतं.

"त्या माकडाच्या शेंगा माझ्या चुलीत नगंत," तो एकदा जेवताना म्हणाला.

"मग लाकडं आणा," राविरो म्हणाली. "तुमच्या झाडाच्या शेंगांवर च्या तरी उकळंल का? पेटल्या पेटल्या इझत्यात. लांबी नको का काही?"

मुनेत्सीनं ताट सरकवलं.

रविवारी राविरो चर्चला गेली. माचिपिसाही गेला, प्रार्थनेला ढोल तोच वाजवायचा. मुनेत्सी पोट धरून घरी राहिला आणि बायकोची पाठ फिरताच भिंतीवर चढला. वाळलेल्या शेंगा उतरवून झाल्या होत्या, उरल्या त्या शेंड्याला. हाताशी लोंबत होत्या त्या यंदाच्या, हिरव्यागार, रसरशीत. जन्मभर झाडात घालवलेला माणूस, त्याला का कळत नव्हतं? पण राविरो यायच्या आत मक्याच्या पिठाचं साद्झा शिजून तयार पाहिजे होतं. ओरबाडल्या, डहाळ्यांसकट.

रॉकेल ओतून कशाबशा पेटवल्या. मग जो धूर निघाला, तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

"अगं बया, घर पेटलं!" राविरो ओरडत आली. तिच्या मागनं माचिपिसा, रविवारच्या कोटात. नळाखालची बादली उचलून त्यानं चुलीवर उपडी केली. मग वाकून एक शेंग उचलली. शेंगेकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, मुनेत्सीच्या विजारीच्या बुडाला लागलेल्या चुन्याकडं बघितलं.

"शुंबा, ही तर अंगावर पिणारी लेकरं उचलून आणलीस रं!" तो म्हणाला. "आन् माकडाच्या झाडावर सिंहानं चढू ने. हसू हुतं."

मुनेत्सी खोकतच राहिला. राविरोनं गुडघे वाकवले, टाळ्या वाजवल्या. "लई उपकार झालं, सोको. न्हाईतर आज छप्पर गेलं असतं."

सोमवारी माचिपिसानं भिंतीवरनं बांबू खाली सोडला. "शेंड्याच्या वाळल्यात. माझा खांदा धरलाय. तूच काढ, तूच ने."

'नको' हा शब्द मुनेत्सीच्या जिभेवर आला होता. पण हात आधीच बांबूला लागले. पहिल्या दोन शेंगांबरोबर डहाळ्या मोडून आल्या.

"वढू नगंस, पिळ!" पलीकडनं आवाज.

दात खाऊन त्यानं पिळलं. पोतं भरलं, पाठीवर मारलं आणि राविरोच्या पुढ्यात आणून टाकलं.

राविरोनं पोत्यात हात घालून बघितलं. मग गुडघे वाकवले. टाळी वाजली, खोल, गोल.

"लई उपकार झालं, शुंबा."

मुनेत्सीची छाती फुगली. राविरोनं एक शेंग हातात धरून मापली. "अशा किती हायेत अजून वर? सोकोंना म्हणावं, आकडा द्या, दुपारी मीच येते काढाय."

मुनेत्सी उलटपावली बाहेर गेला. भिंतीला टेकवलेला बांबू त्यानं उचलला, खोलीत नेला आणि खाटेखाली सारला. बांबू खोलीपेक्षा लांब. बाहेर हातभर टोक आणि तारेचा आकडा तसाच राहिला, आणि दार काही लागेना.