मऊ खनिजाची परीक्षा

आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात बिस्मथचं एक दुर्मीळ खनिज आहे. दर परीक्षेला प्रत्येक विद्यार्थी त्याला नखानं ओरखडतो आणि वहीत लिहितो, ‘मऊ. चमक धातूची. वर्ग सल्फाइड.’ लिंबाएवढा तो खडा आता सुपारीएवढा उरला आहे.

“मऊ आहे हे एकदा कळलं ना? मग पुरे की!” मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या दत्तूकाकांवर कडाडलो.

“प्रत्येकाला स्वतः बघायचं असतं, सर.”

याचाच तर संताप येतो! शेजारच्या गारगोटीच्या वाटेला कुणी जात नाही. माणूस असो वा दगड, मऊ दिसला की येणारा-जाणारा नख लावून खात्री करून घेतो.

मी खडा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली थाटात खिशात टाकली.

“छान केलंत,” काका म्हणाले. “आता तुमच्या नखातली ती करडी पूड तेवढी धुऊन टाका.”