खापरपणजीच्या माहेरचा माणूस

आम्ही राहतो हॉलंडमधल्या बाडहूव्हडॉर्प गावात, विमानतळाच्या इतक्या कुशीत की मागच्या अंगणात साड्या वाळत घातल्या तर उतरती विमानं त्यांना इस्त्री करून जातात. आमचे हे म्हणतात, मी वाढवून सांगते. ह्यांचं काय ऐकायचं? इंजिनिअर माणूस, जन्मतानाच हातात मोजपट्टी घेऊन आलेला.

पण खरी मोजपट्टी आमच्या शेजारी राहते. त्या आजीबाईंना सगळी गल्ली ‘ओमा’ म्हणते, म्हणजे आजीच. प्रत्यक्षात नातवंडं सोडा, मूलबाळही नाही. नवरा गेला, भावंडं नव्हतीच. आणि खोटं बोलायचं इंद्रिय देवाने त्यांना दिलेलंच नाही. मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले की “हा रंग तुला अजिबात शोभत नाही” असं अगदी प्रेमाने सांगतात आणि कॉफीला आत बोलावतात.

त्यांच्या भिंतीवर एका बाईचा जुना फोटो आहे. फोटो काढणाऱ्याला आता उचलून आपटणार, असा चेहरा. ती ओमांची खापरपणजी, अस्सल अमेरिकन. त्या काळी इकडची माणसं बोटी भरभरून अमेरिकेला चालली होती; ही एकटी उलटी आली. तिकडे नशीब काढायला गेलेल्या एका डच शेतकऱ्याच्या पोराशी लग्न केलं, त्याला घरची आठवण छळायला लागली, म्हणून त्याच्यामागोमाग इथे आली. तळं उपसून नुकतीच जमीन काढलेली, जिकडे पाहावं तिकडे चिखल. मुलं झाली, म्हातारी झाली, गेली.

“आणि?” मी एकदा विचारलं होतं.

“आणि काही नाही. तिने सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.”

झालं! अख्खी बाई दोन वाक्यांत संपली. आमच्याकडे एवढ्यात तिचं बारसंही उरकलं नसतं.

गेल्या वसंतात ओमा सकाळी माझ्या दारात आल्या, चेहरा पांढराफटक. अमेरिकेहून फोन आला होता. खापरपणजीला एक बहीण होती, ती तिकडेच राहिली. तिच्या वंशातले एक निवृत्त गृहस्थ नातेवाईक शोधत शोधत ओमांपर्यंत पोचले होते. शनिवारी कॉफीला येणार होते.

“माझं सगळं दोन मिनिटांत सांगून होईल,” ओमा म्हणाल्या. “मग तो घड्याळ बघेल. मग जाईल. मुली, माझ्या रक्ताचं जगात तेवढंच एक माणूस उरलंय.”

“ओमा, तो तर खापरपणजीच्या माहेरचा माणूस!”

आता माहेर हे डच भाषेत कसं सांगायचं?

“लग्नाआधीचं घर,” ओमा म्हणाल्या.

“नुसतं घर नव्हे हो. जिथे बाईला उशिरापर्यंत झोपू देतात, गरम गरम आयतं वाढतात, ते.”

“हॉटेल?”

“तसंच काहीसं. पण तिथून निघताना रडू येतं.”

ओमांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मग मी समजावलं, की माहेरच्या माणसाला एका बिस्किटावर वाटेला लावायचं नसतं. तो आपली पोर सुखात आहे ना, हे ऐकायला आलेला असतो.

“पण ती सुखात होती का, हे मला कुठे माहीत आहे?”

“तुम्ही कॉफी करा. बोलायचं माझ्याकडे सोपवा.”

शनिवारी पाहुणे आले. इतके उंच, की त्यांचे पाय सोफ्यावरून निघून शेजारच्या खोलीत गेले. कॉफी झाली, बिस्किटं झाली आणि त्यांनी विचारलं, “आमची ती इथे कशी होती?”

मी सुटलेच! चिखलात घोडा रुतला तेव्हा खापरपणजीने आधी घोडा ओढून काढला, मग नांगर आणि वेळ उरला म्हणून नवरा. वाऱ्याने छप्पर उडवून नेलं तर पुढच्या गावातून डोक्यावर घेऊन परत आली. तळ्यात उरलेली मगर तर तिने लाटण्याने मारली.

शेजारी बसलेले आमचे हे माझ्या कानाशी कुजबुजले, “अगं, हॉलंडमध्ये मगर?”

“तिने मारली म्हणून तर आता नाही!”

तेवढ्यात ओमांनी कप खाली ठेवला.

“हे खरं नाही. ही माझी शेजारीण, फार चांगली आहे, पण हिला काही माहीत नाही. मलाही नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि माझ्याकडे तुम्हाला द्यायला काहीच नाही.”

पाहुण्यांनी मान खाली घातली, खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बघते तर हसतायत.

“आमच्याकडेही थापाच आहेत,” ते म्हणाले. “लहानपणी मला सांगायचे, ती पाण्याच्या तळाशी राहते, तिच्या घरावरून बोटी जातात. शाळेत मी हे सांगितलं तर मुलं मला थापाड्या म्हणायला लागली.” मग हसू ओसरलं. “मोठा झालो तेव्हा वाटलं, ती बुडाली असणार. पोरांना तसं कसं सांगणार, म्हणून ही गोष्ट रचली असेल.”

ओमा उठल्या. “गोष्ट बरोबर आहे. तुम्ही आत्ता तळाशीच बसलाय. चला.”

आमच्या गावाच्या कडेला कालवा आहे. तळं उपसलं ते पाणी ह्याच कालव्यात सोडलं. जमीन खाली, पाणी वर, मधे बांध. आम्ही बांधाच्या पायथ्याशी उभे राहिलो. घरांच्या छपरांच्या वरून एक बोट आरामात गेली आणि तिच्यातल्या माणसाने बिअरची बाटली उंचावून आम्हाला वरून हात केला.

पाहुण्यांनी टोपी काढली. “म्हणजे बुडाली नाही.”

“छे! खूप जगली,” ओमा म्हणाल्या. “नातवंडंही पाहिली.”

ते बराच वेळ वर बघत राहिले. मग लहान मुलासारखं विचारलं, “आणि मासे?”

ओमांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. कान लालबुंद झाले.

“कधी कधी,” त्या म्हणाल्या, “खिडकीतून आत यायचे.”

ह्यांच्यातला इंजिनिअर उफाळून आला. “खिडकीतून कसे येतील?”

“उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत,” ओमांनी ठणकावलं.

पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री आमच्याकडे पिठलं-भात जेवले, परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि नंतर पुन्हा ढकललं. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. मी कौतुकाने जाऊन बसते. हल्ली त्या गोष्टीत एक देवमासाही आला आहे, खापरपणजीच्या स्वयंपाकघरात. मी मधे काही सुचवायला गेले तर ओमा हात वर करून मला गप्प करतात. म्हणतात, “तू थांब गं. तुला काही माहीत नाही.”