माझी फरशी पुसू नकोस

बाबांच्या आधी त्यांचा फोन गेला.

कंपनीने तसं रीतसर कळवलंही होतं. बाबांनी ते मान्य केलं नाही.

"सपोर्ट बंद म्हणजे काय? माझा चालू आहे की!" असं म्हणून तो माझ्या नाकासमोर धरला होता.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून काही सुचत नाहीये. लिहिते, खोडते, उठते, परत बसते. आता जे येईल ते लिहिते.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. बाबांकडे तो चौकोनांचा फोन होता. स्क्रीनभर रंगीत टाइल्स, एकेका टाइलवर एकेक ॲप, नाहीतर एकेक माणूस. माणसाच्या टाइलवर बोट ठेवलं की त्याला फोन.

घेतला तेव्हा भारीच वाटायचा. मग हळूहळू सगळ्यांनी सोडला. आधी बँकेच्या ॲपने, मग मेसेजच्या ॲपने, शेवटी ज्यांनी बनवला त्यांनीच.

बाबांनी नाही सोडला. खडकीच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. चालू मशीन बदलायचं नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान.

बरं, घेतलेही दोन. एक स्वतःला, एक आईला.

आणि टाइल म्हणायचे नाहीत. फरशी म्हणायचे.

"तुझी फरशी वर घेतलीय बघ." "त्या इन्शुरन्सवाल्याची फरशी पुसून टाकली, डोकं खातो नुसता."

आमच्याकडे फरशी पुसणे म्हणजे डिलीट करणे. पाहुण्यांना ओ की ठो कळायचं नाही.

स्वारगेटला एकदा बसच्या रांगेत तोच फोन वापरणारे एक काका भेटले. मूळचे अमरावतीचे, इथे मुलाकडे आलेले. "अहो, तुमचाही फरशीवालाच का?" झालं. गप्पांच्या नादात दोघांचीही बस गेली.

नंतर ते काका अधूनमधून बाबांना फोन करायचे. "साहेब, आपलं पुढे कसं हो?"

"आपण आहोत तोवर आहे," बाबा म्हणायचे.

माझं डोकंच फिरायचं. फोन आहे तो, बाबा. सीमेवर लढताय का तुम्ही?

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलमध्ये, बाबा आईला म्हणाले, "माझी फरशी पुसू नकोस हं."

त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, शेजारीच बसली होती. तिने हे ऐकलं आणि मनात ठेवलं.

बाबांना घरून नेलं. मागे शेजारच्या काकू बादली आणि फडकं घेऊन आल्या. तशी आत्या दारात आडवी उभी राहिली.

"अजिबात नाही! फरशी पुसायची नाही. दादाची शेवटची इच्छा आहे."

काकूंच्या हातात बादली तशीच.

आणि आई हसली. रडता रडता हसली, पदर तोंडात कोंबून हसली. आत्याला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

आणि मी समजावतेय, अगं आत्या, ती ही फरशी नव्हे गं!

तर बाबांची फरशी आईच्या फोनवर राहिली. सगळ्यात मोठी, निळी. त्यावर आयकार्डवरचा फोटो, रागावल्यासारखा. त्यांचा नंबर बंद झाला, फरशी तिथेच.

पण गेले काही महिने आईचा फोनच धड लागत नव्हता. नेटवर्कवाल्यांनी जुनं काहीतरी बंद केलं म्हणे. कधी रिंग जायची, कधी "संपर्क क्षेत्राच्या बाहेर".

विश्रांतवाडीत स्वतःच्या ओट्यापाशी उभी असलेली बाई संपर्क क्षेत्राच्या बाहेर!

मी नवीन फोन आणून दिला. तो खोक्यातच पडून.

"राहू दे गं. ह्यांची फरशी त्यात येणारे का?"

म्हटलं, आई, फोटो लावू मोठा. "ते वेगळं." बरं, मग सिम फक्त नव्यात घाल, जुना ठेव कपाटात.

"ह्यांना कपाटात ठेवू?"

मी भांडलेच. आईला बीपी आहे. एकटी राहते. आमच्याकडे ये म्हटलं तर "बघू". रोज तिचा फोन लागेपर्यंत मी पुन्हा पुन्हा लावत बसायचे.

गेल्या आठवड्यात लागलाच नाही. सकाळी नाही, दुपारीही नाही. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. माझं ऑफिस पार कात्रजला. मॅनेजरला सांगितलंही नाही, तशीच निघाले.

स्वारगेटच्या सिग्नलला अडकले आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने रडायला लागले. मागचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, रडा की, पण गाडी बाजूला घेऊन." पुणं आहे. दुसरं काय म्हणणार?

विश्रांतवाडीला पोचले. बेल दाबतच राहिले.

आईने दार उघडलं. हाताला कणीक. "अगं हो हो! केवढी ती बेल! काय झालं?"

मी चपलांच्या स्टँडपाशी खाली बसले आणि लहान मुलीसारखं भोकाड पसरलं.

"फोन लागत नव्हता," एवढंच कसंबसं म्हटलं.

आई आत गेली. हात धुतले. खोकं घेऊन आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि जुन्या फोनचं मागचं झाकण नखाने उचकटायला लागली. सिमसाठी.

"आई, अगं... आणि बाबांची फरशी?"

तिने वर बघितलंही नाही.

"ते काही आता फोन करणार नाहीयेत," आई म्हणाली. "तू करतेस."

बाबा, आईचा फोन आता लगेच लागतो. काळजी नसावी.

तुमच्या आठवणीत, आम्ही दोघी.