टँकच्या वाळूतली दाढ

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आमच्या घरी बुद्धवंदना होते; उतारा, अंगारा, लिंबू-मिरची दारात आली नाही. त्यात मी नांदेडला एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये कामाला... टेस्टला रंग आला नाही तर ती वस्तू पाण्यात नाही. विषय संपला.

बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. म्हणून मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक लावला — जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ, दोन क्लाऊनफिश, थोडे शंख. खडक आणि वाळू लातूरच्या एका माणसाकडून आणली, तो त्याचा टँक बंद करत होता. बाबा मासे बघून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा!

गेल्या उन्हाळ्यात शंख मरायला लागले. मेलेल्या शंखाचा वास घेतलाय कधी? सडलेली कोळंबी गटारात भिजवल्यासारखा. मग कोरल आक्रसले, त्यांच्यावर शेंबडासारखा तपकिरी थर आला. टेस्ट केली तर पाण्यात तांबं, शंख-कोरलांना ते विषच! मीठ कालवलेलं नवं पाणी तपासलं — शून्य. हीटर, पंप, काच घासायचं मॅग्नेट, एकेक काढून पाहिलं. कुठे गंज नाही. धातू शोषणारा पॅड टाकला, तो निळा पडला, पाणी साफ झालं... आणि चार दिवसांत तांबं परत. म्हणजे जे होतं ते आतच होतं.

रविवारी सकाळी खडक बाहेर काढले आणि पिठाच्या जुन्या चाळणीने वाळू चाळायला बसले. काळा, बुळबुळीत गाळ, सडक्या अंड्याची घाण. आणि चाळणीत उरली — माणसाची दाढ. पितळी टोपी बसवलेली, कडेने हिरवी पडलेली. मुळाला अजून गुलाबी मांस चिकटलेलं.

मी बेसिनकडे पळाले. पाणी बदलताना पाईपमधून पहिलं पाणी मी तोंडाने ओढायची हो! त्या पाण्याचा घोट कितीदा तोंडात आला असेल...

घरात आम्ही दोघंच. बाबांची कवळी, माझे दात शाबूत. लातूरला फोन लावला तर तो माणूस भडकला. "काय बोलायलाव मॅडम? आमच्या घरात कुणाच्याच तोंडात टोपी न्हाई. वाळू धुऊन, चाळून दिली होती मी."

सगळी वाळू फेकली. खडक ब्रशने घासले, तळाला नुसती काच ठेवली. आठ दिवसांनी त्या उघड्या काचेवर दुसरी दाढ. तशीच टोपी, तसंच मांस. पुढच्या आठवड्यात तिसरी.

तिन्ही डबीत घालून गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेल्या. ते उदगीरचे, वयस्कर. भिंग लावून बराच वेळ बघत बसले.

"ताई, असल्या टोप्या आता कुणी बसवत न्हाई. अन् तिन्ही दाढा खालच्या, डाव्या बाजूच्या. पहिलीच दाढ."

"म्हणजे तीन माणसांच्या?"

"तसंच म्हणलो असतो. पण टोपीचा हा टवका बघा. झीज बघा. तिन्हीला जशीच्या तशी." त्यांनी ट्रे बाजूला सारला. "एकाच माणसाची एकच दाढ हाय ही. तीनदा."

हातात ग्लोव्हज होते, तरी उठून साबणाने दोनदा हात धुतले त्यांनी. दाढा दवाखान्याच्या कचऱ्यात गेल्या.

घरी आले ती टँक मोडायचाच असं ठरवून. पाणी उपसायला पाईप सोडला तर बाबांनी चालत्या हाताने माझं मनगट धरलं. सोडेचनात. डोळ्यांत पाणी. मी पाईप बाहेर काढला.

चौथी दाढ आली नाही. तांबं शून्यावर आहे, दोन कोरल पुन्हा उघडलेत. पहिल्या तीन कुठून आल्या, कुणाच्या, मला आजही सांगता येत नाही. इथे कुणाला काही सुचलं तर सांगा, फक्त "वाळूतच असेल" म्हणू नका.

बाबा खुश आहेत. मी दर रविवारी कोपरापर्यंत ग्लोव्हज घालून तळ चाचपायला आत हात घालते... आणि बोट तळाच्या काचेला टेकलं की अजून ओकारी येते.