आमच्या बुजगावण्याचा कौल

आमच्या कंपनीचं पहिलं आणि शेवटचं उत्पादन सध्या देव आहे. रोह्याजवळच्या आमच्या गावात, बाबांच्या वालाच्या शेतात ते उभं असतं आणि मंगळवारी नारळ घेतं.

सुरुवात अगदी शास्त्रशुद्ध होती. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात वाल पेरतात, आणि वालाला शेंगा धरल्या की वानरं येतात. म्हणून विद्यापीठाच्या स्टार्टअप स्पर्धेत मी आणि माझा चुलतभाऊ पप्या यांनी 'बोलकं बुजगावणं' मांडलं. समोर काही हललं की सेन्सर जागा होणार आणि आत भरलेला आवाज खेकसणार! पहिल्या फेरीत आम्ही चक्क निवडले गेलो. अंतिम फेरीला खरंखुरं यंत्र घेऊन यायचं होतं.

बाबांनी अट घातली. "जिंकलीस तर कर तुझी कंपनी. नायतर रोह्याच्या कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटायचं. मग शिफ्ट लागेल ती लागेल."

केमिकल कंपनीतली पहाटेची शिफ्ट! मला ही स्पर्धा अगदी मनापासून जिंकायची होती.

आवाज कमळीआत्याचा घेतला. (आत्या ओट्यावरून ओरडली की नदीपलीकडच्या अष्टमी गावातली दुकानं शटर ओढतात, असं पप्याचं म्हणणं.)

"काय बोलू गो?" तिने विचारलं.

"वानराला बोलतेस तसंच बोल."

आत्याने पप्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "कोण हाय रे तिकडं? निघ मेल्या!"

चेहऱ्यासाठी पेणला गेलो, रामवाडीच्या मामाकडे. मामा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखतो. जन्मभर त्याने दुसरं काही रंगवलेलं नाही.

"मामा, दोन डोळे काढून दे. रागीट."

"माणसाचे डोळे मला येत नाय गो. हाताला देवाच्याच डोळ्यांची सवय."

"वानराला काय कळतंय?" मी म्हणाले. (इथे माझं करिअर संपलं, पण मला ते त्या वेळी कुणी सांगितलं नाही!)

मामा आंघोळ करून आला, कुणाशी एक शब्द न बोलता बसला, आणि बुबुळं भरून झाल्यावर सवयीने त्याने हात जोडले. पप्यानेही जोडले. मग मी एकटी कशाला वाकड्यात शिरू? मीही जोडले.

त्या डोळ्यांचं काय सांगू! टेम्पोत मी बुजगावणं मुद्दाम मागे तोंड करून ठेवलं होतं. वडखळपर्यंत ठीक होतं. पुढे सहज वळून बघितलं, तर ते माझ्याकडे बघत होतं.

"रस्ता खराब हाय, फिरलं असेल," पप्या म्हणाला. पण त्यानंतर घर येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.

बाबांचा जुना कोट घालून बुजगावणं शेतात उभं केलं. चाचणी सुरू! दुसऱ्याच दिवशी शेजारचे नाना घाम पुसत आले.

"तुमचं ते उभं हाय ना, त्याने काल तिन्हीसांजेला मला नावानं हाक मारली."

"नाना, त्यात कुणाचंच नाव भरलेलं नाही!"

"मग मी काय खोटं बोलतोय व्हय?"

त्या संध्याकाळी बुजगावण्यापुढे एक नारळ दिसला. नंतर केळी. मग हार. आठवडा सरेपर्यंत गावाने ठरवून टाकलं की हा शेताचा राखणदार आहे, उगाच नाही असे डोळे! आणि केळी बघून वानरं आली. सगळी. एक वानर तर राखणदाराच्या खांद्यावर बसून केळं सोलायचं, आणि आत्याचा आवाज खेकसला की त्याच्याकडे प्रेमाने बघायचं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी यंत्र न्यायला निघाले, तर अख्खं गाव आडवं!

"कौल घेतल्याशिवाय राखणदार हलवायचा नाय," नाना म्हणाले.

कौल म्हणजे दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. स्वतःच्या उत्पादनाने मला नकार दिला!

मग आम्ही चोरीचं ठरवलं. पप्याने गुपचूप बॅटरी काढून खिशात टाकली, आणि पहाटे आम्ही शेतात शिरलो. धुकं इतकं की स्वतःचे पाय दिसेनात. वारा नाही, पाखरू नाही. आधी ते डोळे दिसले, मग बाकीचं बुजगावणं. मी कोटाच्या बाहीला हात लावला.

"कोण हाय रे तिकडं?"

मी पप्याकडे बघितलं. पप्याने खिशातून बॅटरी काढून मला दाखवली.

"निघ मेल्या!"

आम्ही निघालो! पप्याची एक चप्पल अजून तिथेच आहे, आणायला कुणी तयार नाही. धापा टाकत घरी पोचलो, तर आत्या चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"आत्या, तू शेतात होतीस ना? हो म्हण!"

"मी?" आत्याच्या घशातून नुसती हवा आली. "कालपासून घसा बसलाय माझा. आवाज तरी निघतोय काय?"

स्पर्धेला आम्ही रिकाम्या हातांनी गेलो.

"यंत्र कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"त्याने नकार दिला, सर."

"बॅटरी किती वेळ चालते?"

"बॅटरीशिवायपण बोलतं, सर," पप्या कळवळून म्हणाला. त्या एका वाक्यावर आम्हाला नम्रपणे दार दाखवण्यात आलं.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू, फार लागलं होतं मनाला. बाबाही विरघळले.

"रडू नको गो. नोकरी धरायची का नाय, ते मी नाय ठरवत. त्यालाच विचारू."

पुन्हा शेत, पुन्हा दोन फुलं. गाव श्वास रोखून उभं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, "पोरीने कंपनीत जावं काय, महाराजा?" त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवं फूल टपकन पडलं.

सोमवारपासून मी पहाटेच्या शिफ्टला जाते. वानरं मजेत आहेत, केळी खाऊन चांगली गुटगुटीत झाली आहेत. हाकलण्यासाठी बनवलेल्या त्या यंत्राने अख्ख्या हंगामात एकच प्राणी कायमचा हाकलला, आणि तो मी!